मधून उघडणारे मुन्शीजी

मुन्शीजींच्या हाती कोणतंही पुस्तक द्या, पहिल्या पानाकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. पुस्तक तळहातावर तोलायचे, दोन्ही अंगठे कडेला लावायचे आणि कलिंगड फोडावं तसं बरोबर मधोमध उघडायचे. शाळेचा भूगोल असो, शेतकी मासिक असो, की कुणाच्या लग्नाची पत्रिका असो, आधी पोटात काय आहे ते बघणार. चामोर्शीच्या बसस्टँडसमोर माझं स्टेशनरीचं दुकान होतं आणि त्याच्याच एका कोपऱ्यात एसटीडी फोनची काचेची केबिन. कोऱ्या पुस्तकाची पाठ अशी कडाकडा मोडली, की माझा जीव खालीवर व्हायचा. "मुन्शीजी, घ्यायचं आहे की नुसतं फोडायचं आहे?" मी विचारायची. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बाई, वरचा पाला त चोराचाही चांगला असते."

हे उत्तर कळायला त्यांचा धंदा माहीत पाहिजे. ते तेंदूपत्त्याच्या फळीवरचे मुन्शी. विडीसाठी लागणारा हा पाला लोक उन्हाळ्यात जंगलातून तोडून आणतात, घरी बसून त्याचे सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे फळीवर, आणून ओळीने मांडतात. मुन्शीने ओळींतून फिरायचं, पुडा बघायचा, पास करायचा नाहीतर बाजूला टाकायचा. बांधणारेही काही कमी नसत. वर आणि खाली लांबरुंद, बिनडागी पानं, आणि पोटात फाटक्या, कोवळ्या, किड्याने खाल्लेल्या पाल्याची भरती. मुन्शीजी पुडा उचलायचे, अंगठ्याने मधोमध फाकवायचे आणि तिथल्या तिथे निकाल द्यायचे. "माय, हा आतून कच्चा हाये. घरी ने अन् बकरीले घाल." मग बायका अर्ध्या मराठीत, अर्ध्या गोंडीत त्यांचा उद्धार करायच्या. मुन्शीजींना गोंडी झकास यायची. कुठे शिकलात म्हणून विचारलं तर म्हणायचे, "शिव्या खाऊन. त्याच्यापेक्षा पक्का कोर्स नाई."

फळीचा सीझन महिनाभराचा, पण सवय बारमाही. बाजारात वांग्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे. पंगतीत वाढप्याला सांगायचे, भात गंजाच्या मधातला घाल. कुणाच्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले, की मुलाच्या थोरल्या भावाशी बोलत नसत आणि धाकट्याशीही नाही. "मोठा घराची इज्जत सांभाळते, लहाना थापा मारते. मधल्याले कोणी विचारत नाई, म्हणून तो खरं सांगते." आणि गंमत अशी, की त्यांनी पास केलेला बैल दगा देत नसे आणि त्यांनी पास केलेला जावई दारू पीत नसे. त्यामुळे निवडायचं काही असलं, की लोक आधी मुन्शीजींना गाठायचे.

त्यांची स्वतःची एकच मुलगी, करुणा. ती शाळेत असतानाच आई गेलेली. तिला त्यांनी नागपूरला नर्सिंगला पाठवलं, तेव्हा विहारात वंदनेला आलेल्या बायकांनीही नाकं मुरडली, एकटी पोरगी शहरात म्हणून. मुन्शीजी म्हणाले, "मी तिले मधून पाह्यली हाये." विषय संपला. नागपूरला एका नव्या विहाराचं काम चालू होतं आणि तिथे लाकूडकामासाठी जपानहून काही माणसं आली होती. त्यातला केन्जी नावाचा सुतार तापाने फणफणून करुणाच्या वॉर्डात दाखल झाला. पुढचं सांगायला नको.

करुणा त्याला घेऊन चामोर्शीला आली ती नेमकी तेंदूच्या दिवसांत. आता हा माल मधून कसा बघायचा? मुन्शीजी चांगलेच पेचात पडले. बोलायची सोय नाही, मधल्या भावाला विचारावं तर तो समुद्रापार. शेवटी भर दुपारी त्यांनी केन्जीला फळीवर नेलं, पुड्यांच्या ओळी दाखवल्या, एक पुडा उलटवून दाखवला आणि आपण मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले. केन्जी कुणाला काही न विचारता ओळीत बसला आणि पुडे उलटवू लागला, सगळ्या बाजूंनी ऊन लागावं म्हणून. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तो लालबुंद झाला, टोपी उडाली, पण ओळ संपेपर्यंत उठला नाही. संध्याकाळी मुन्शीजी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "बाई, माल पास."

करुणा जपानला गेली आणि माझ्या दुकानातला रविवार मुन्शीजींचा झाला. सकाळी तिचा फोन यायचा. हे धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून कितीतरी आधी येऊन बसायचे, जसं काही फोनमधून दिसणारच आहे. पुढे तिला मुलगी झाली, तिचं नाव हाना. हाना बोलायला लागल्यावर तर केबिनबाहेर आलेल्या मुन्शीजींचा वृत्तांत अर्धा अर्धा तास चालायचा. हे विचारायचे, "जेवली का माय?" तिकडून ती ओरडायची, "नाई!" आणि मागून करुणा हसायची, "बाबा, खोटं बोलून राह्यली, तोंडात घास हाये तिच्या. तिले हो अन् नाई, दोनच येते." आबाजी हा तिसरा शब्द. बाकी सगळं जपानी. नात तिकडून काही बोलायची, करुणा त्याचं मराठी करायची. हे इकडून बोलायचे, करुणा त्याचं जपानी करायची.

एकदा मी सहज म्हटलं, "मुन्शीजी, नात मोठी होऊन राहिली. तिची भाषा शिकून घ्या की. घरबसल्या शिकायचे कोर्स मिळतात आताशा." मी जणू त्यांना पोहे खायला चमचा नको, फावडं घ्या म्हटलं होतं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मले काऊन? मधात पोरगी हाये न माही."

आणि ती पोरगीच गेली. आजार असा, की कळला तेव्हा उपाय उरला नव्हता, आणि बापाच्या जिवाला घोर नको म्हणून तिने फोनवर कधी सांगितलंच नाही. त्या आठवड्यात फोन रविवारी नाही, मधल्याच एका दुपारी वाजला. केन्जी होता. "करुणा" एवढं एक नाव मला कळलं आणि तो रडतो आहे हे कळलं. मी दुकान तसंच टाकून मुन्शीजींना घेऊन आले. ते रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिले. बाहेर येऊन मलाच विचारलं, "का म्हणते जी तो?" रडणं कोणत्याही भाषेतलं कळतं असं म्हणतात. कळतं, पण काय झालं, कसं झालं, आता कुणी काय करायचं, ते काही त्यातून कळत नाही. संध्याकाळी नागपूरहून सुनंदाताईंचा फोन आला. या करुणाच्या मैत्रीण, काही वर्षं जपानात राहून आलेल्या, विहाराच्या कामावर दुभाषी असणाऱ्या. केन्जीने त्यांना कळवलं होतं आणि त्यांनी मराठीतून सांगितलं. आपली मुलगी गेली हे समजायला त्या माणसाला दुपारपासून दिवेलागणीपर्यंत माझ्या दुकानाच्या बाकड्यावर बसून राहावं लागलं. जायचं म्हटलं तर पासपोर्ट नव्हता. पासपोर्ट निघेपर्यंत तिकडचं सगळं उरकलं होतं.

मला वाटलं, रविवार संपले. पण पुढच्याच रविवारी, नेहमीच्याच वेळेला फोन वाजला. केन्जी म्हणाला, "आबाजी." मुन्शीजी म्हणाले, "हो बेटा." मग दोघेही गप्प. तेवढ्यासाठी त्याने जपानहून फोन लावला होता. थोड्या वेळाने हानाचा आवाज आला असावा, कारण मुन्शीजी पाठ वळवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणू लागले, "हो माय. हो. हो माय."

काही रविवार असेच गेल्यावर ते एकदा बाहेर येऊन बसले. मग म्हणाले, "बाई, पोट्टी मले काई तरी विचारून राह्यली. दर खेपेले तेच. शेवटी आवाज वर जाते तिचा."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"हो म्हणतो. दुसरं का म्हणू?"

"आणि हो म्हटल्यावर?"

"खूश होते." ते हसले नाहीत. "पण काऊन खूश होते ते नाई समजत. मले शिकाले लागते, बाई. तिनं का विचारलं ते मले समजलं पायजे. लवकर होते असा एखादा कोर्स पाहा तुम्ही."

मी दहावीची गाइडं आणि शाईच्या बाटल्या विकणारी बाई. जपानी शिकायला चांगलं काय, हे मला विचारणं म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला रस्ता विचारणं. तरी नागपूरच्या घाऊक दुकानदाराला सांगून पहिलं पुस्तक मागवलं. मराठीतून शिकवणारं काही मिळालं नाही, हे हिंदीतून होतं. मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर आणि हसरी बाई. मुन्शीजींनी ते घेतलं, तळहातावर तोललं आणि माझ्या डोळ्यांदेखत कडकन मधोमध उघडलं. पानभर ती चौकोनी अक्षरं, खाली बारीक हिंदी. त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. "आतून कच्चा हाये, बाई. एक अक्षर समजत नाई."

"अहो मुन्शीजी, सुरुवातीपासून वाचाल तर समजेल. पहिला धडा झाला की दुसरा, असं करत करत मधलं येतं."

"पुडा बांधणारी असंच सांगते. वरून पाहा म्हणते."

पाठ मोडलेलं पुस्तक नागपूरवाला परत घेईना. ते माझ्याच कपाटात राहिलं.

मग कॅसेटचा कोर्स आला, व्हीपीने, एका जाड खोक्यात. मला वाटलं, ऐकायचं तर आहे, इथे कसं मधून उघडणार? मुन्शीजींनी खोक्यातली मधली कॅसेट उचलली, माझ्या टेपमध्ये घातली आणि म्हणाले, "आता हे अर्ध्यावर न्या." मी नेली. एक बाई आणि एक पुरुष घाईघाईने काही बोलत होते, मधे गाडीची शिट्टी. मुन्शीजी मान वाकडी करून ऐकत राहिले. "हे त भांडून राह्यले. लेकराशी का बोलाचं ते कुठी हाये याच्यात?" कॅसेट परत खोक्यात गेली. बाहेर गाडीची वाट बघत उभा असलेला एक कंडक्टर म्हणाला, "मुन्शीजी, पहिली कॅसेट तर लावा." त्यालाही तेच ऐकावं लागलं, वरचा पाला आणि चोर.

टपालाने धडे पाठवणाऱ्या एका संस्थेची जाहिरात मला वर्तमानपत्रात दिसली. तिथे पहिला धडा सोडवून पाठवला, की दुसरा येतो. मुन्शीजींनी माझ्याकडून त्यांना पत्र लिहून घेतलं, की तुमचा कोर्स घ्यायची तयारी आहे, आधी मधला धडा दाखवावा. संस्थेने फार सभ्य भाषेत कळवलं, की असा नियम नाही. "पाह्यलं?" ते म्हणाले. "जो मधातलं दाखवत नाई, त्याच्या पोटात काई तरी असते." मग सीडीवरही कोर्स मिळतो असं कळलं, तेव्हा आम्ही गडचिरोलीला एका सायबर कॅफेत गेलो. पडद्यावर रंगीत चित्रं, घंटा वाजते, शाबासकी मिळते. पण पहिला धडा पुरा केल्याशिवाय पुढचा उघडतच नव्हता. मुन्शीजी खुर्चीतून उठले. येताना एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणाले, "याले त कुलूपच लावून ठेवलं हाये."

त्या दिवशी मात्र माझा तोल गेला. "मुन्शीजी, गोंडी शिकलात ती काय मधून शिकलात? कोणता कोर्स तपासला होता तेव्हा?"

त्यांनी पोटेगावचा फाटा मागे जाऊ दिला. मग म्हणाले, "गोंडी मी निवडली नाई, बाई. तिनंच मले पकडलं. चारी बाजूंनं बायका, दुसरं का होणार? इथी कोण हाये जपानी? इथी निवडाले लागते. अन् निवडाले चुकलो, त दुसरा शिकाले टाइम कुठी हाये? पोट्टी मोठी होऊन राह्यली तिकडे." एक माणूस जन्मभर एकच गोष्ट बिनचूक करत आला आणि ज्या कामात जीव अडकला तिथे तीच गोष्ट त्याला आडवी येत होती. हे मला दिसत होतं आणि त्याला सांगून पटत नव्हतं.

मी गुपचूप सुनंदाताईंना फोन लावला. म्हटलं, तुम्हीच तिकडे विचारा, लेक काय विचारते. त्यांनी केन्जीला विचारलं. तो म्हणाला, मुलांचं काय, आबाजी काय जेवले, असलंच काहीतरी विचारते. मी मोठ्या आनंदाने मुन्शीजींना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली. "जेवणाचं विचाराले लेकरू इतकं हळू बोलत नाई, बाई."

थंडी सुरू झाली तेव्हा सुनंदाताईंनी कळवलं, की केन्जी हानाला घेऊन येतो आहे. करुणाच्या अस्थी आणतो आहे, वैनगंगेत सोडायला. हाना फार दिवसांपासून आबाजींच्या घरी जायचं म्हणून हटून बसली आहे, असंही म्हणाल्या. मुन्शीजींनी घर सारवून घेतलं, दाराला रंग दिला. स्वयंपाकाला मी होते. दोघांना घेऊन सुनंदाताईंची जीप अंगणात थांबली. केन्जी पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी छातीशी धरून उतरला आणि खाली वाकला, तो वाकलेलाच राहिला. त्याच्या मागून हाना उतरली. करुणाचंच कपाळ, करुणाचीच हनुवटी. मुन्शीजी दोन्ही हात पुढे करून उभे होते. ती त्यांच्या बाजूने पळत सरळ घरात शिरली.

तिने दाराआड बघितलं. बाजेखाली वाकून बघितलं. माझ्या पाठीमागून येऊन चुलीजवळच्या कोपऱ्यात डोकावली, मागचं दार ढकलून न्हाणीकडे गेली. आम्हाला वाटलं, पोरीला लघवीला लागली असेल. मी हात धरून तिला दाखवायला गेले तर तिने हात सोडवून घेतला. धावत अंगणात आली, मुन्शीजींचा सदरा धरला आणि वर बघून काहीतरी विचारलं. हळू आवाजात, शेवट वर नेत.

"हो माय," मुन्शीजी म्हणाले. "हो. हो."

तिचा चेहरा उजळला आणि ती पुन्हा आत पळाली.

ओट्यावर उभ्या सुनंदाताईंना तिचा प्रश्न कळला होता. त्या केन्जीशी दोन वाक्यं बोलल्या, त्याने मान वर केली नाही. मग आमच्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. आई गेली हे पोरीला सांगण्याची केन्जीची हिंमत झाली नव्हती. आई आबाजींच्या घरी गेली आहे, एवढं त्याने सांगितलं होतं. दर रविवारी पोर फोनवर विचारायची, आई आहे ना तिथे? आणि आबाजी म्हणायचे, हो माय, हो.

घरातून बाजेचा आवाज येत होता. ती पुन्हा खाली बघत असावी. मुन्शीजी जिथे उभे होते तिथेच उभे राहिले. केन्जीवर ते चिडले नाहीत. तो तसाच वाकून उभा होता, त्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. एकाला सांगता आलं नव्हतं आणि एकाला कळलं नव्हतं, आणि दोघांच्या मधे ती पोर दीड वर्ष आईची वाट बघत होती.

संध्याकाळी मी दुकानात आले आणि कपाटातलं ते पाठ मोडलेलं हिंदी पुस्तक काढलं. ते आपसूक मधोमधच उघडलं. मी पानं मागे लोटत लोटत पहिल्या धड्याशी आले. रोजच्या वापरातले शब्द दिले होते, घर, आई, पाणी. घर आणि पाणी यांच्या मधे आई होती. हे मी मुन्शीजींना कधीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाताई म्हणाल्या, "मी समजावते तिला, तिच्या भाषेत." मुन्शीजींनी हात जोडले. "नाई बाई. ‘हो’ मी म्हटलं होतं." ते ओट्यावर बसले आणि हानाला जवळ बसवलं. तिने विचारलं, तेच. मुन्शीजींचे ओठ हलत राहिले, मग शब्द आला. "नाई माय."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हा शब्द तिला तिच्या आईनेच शिकवला होता, घास तोंडात असताना ओरडायला. "नाई?" ती म्हणाली.

"नाई."

ती रडली नाही. पुन्हा आत शोधायलाही गेली नाही. मुन्शीजींच्या मांडीला टेकून बसून राहिली. आम्ही चौघं मोठी माणसं तिथे होतो आणि कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं. दुपारी मार्कंड्याला वैनगंगेच्या घाटावर अस्थी सोडल्या, तेव्हा तिने पेटीचं पांढरं कापड घडी करून स्वतःजवळ ठेवलं.

ते परत गेले आणि मुन्शीजी दुकानात आले. "बाई, ते पयलं पुस्तक हाये का?" मी दिलं. त्यांनी ते बाकड्यावर ठेवलं आणि पहिलं पान उघडलं. मोडलेली पाठ, ते पुस्तक पुन्हा पुन्हा मधेच उघडायला बघायचं. मुन्शीजी त्यावर माझा चहाचा ग्लास ठेवून ते दाबून धरायचे आणि बोट लावून वाचायचे. हे पुस्तक आहे, ही पेन्सिल आहे. या वयात पाठ होणं सोपं नव्हतं. सकाळचं दुपारी विसरायचे, मग स्वतःलाच म्हणायचे, "कच्चा माल." रविवारी केबिनमध्ये शिरून मोठ्याने जपानीत सांगायचे, ही पेन्सिल आहे. हातात पेन्सिल नसायची, काही नसायचं. तिकडे हाना खळखळून हसायची, तिचं हसू काचेबाहेर मला ऐकू यायचं. मग ती उच्चार दुरुस्त करायची आणि हे पुन्हा म्हणायचे. "मास्तरीण झाली पोट्टी माही," बाहेर येऊन सांगायचे. एक बदल मात्र पक्का झाला होता. तिने काही विचारलं आणि कळलं नाही, तर ते पटकन हो म्हणायचे नाहीत. पुन्हा सांग, पुन्हा सांग, असं म्हणत तिच्याकडून वदवून घ्यायचे. "समजल्याबिगर हो म्हणाचं नाई आता," ते मला म्हणाले. पुस्तकाच्या मध्यापर्यंत ते काही पोचले नाहीत.

काही वर्षांनी एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि मुन्शीजी गेले. रस्ते पाण्याखाली, फोनच्या लाइनी बंद. लाइन सुरू झाल्यावर मी सुनंदाताईंना लावत राहिले, पण तिकडे कुणी उचलेना. लोकांच्या हातात एव्हाना मोबाइल आले होते, काचेची केबिन मी फक्त रविवारसाठी ठेवली होती. तो रविवार आला. फोन वाजला. मीच उचलला.

"आबाजी?" हाना म्हणाली. आवाज आता मोठ्या मुलीचा झाला होता, पण शेवट तसाच वर गेला.

समोर कपाटात ते सगळे कोर्स होते, कॅसेटचं खोकं, सीडी, पाठ मोडलेलं पुस्तक. हे पुस्तक आहे, ही पेन्सिल आहे, एवढं ऐकून ऐकून मलाही यायला लागलं होतं. त्यातलं काही कामाचं नव्हतं.

"आबाजी?" तिने पुन्हा विचारलं.

"नाई माय," मी म्हटलं.

मी रिसीव्हर तसाच धरून उभी राहिले. मग ती अगदी हळू म्हणाली, "हो."